नोकरी सांभाळून आंतरराष्ट्रीय शिक्षणात पीएच.डी. करता येईल का?

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. मी ३७ वर्षांची आहे. ठाण्यात कोलशेत रस्त्याला राहते आणि कोपरखैरणे येथील केंब्रिज मंडळाशी संलग्न असलेल्या एका शाळेत माध्यमिक विभागाची समन्वयक आहे. माझे इंग्रजीत एम.ए., बी.एड. आणि एम.एड. झाले असून एम.एड.ला ६१ टक्के गुण आहेत. आंतरराष्ट्रीय शिक्षणात पीएच.डी. करावी, असे बरीच वर्षे मनात आहे. घराचे हप्ते चालू असल्यामुळे नोकरी सोडणे शक्य नाही. 'आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भारतीय विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' असा विषय मी ठरवला आहे. शाळेत परीक्षा, पालकसभा, शिक्षकांचे वेळापत्रक हे सगळे माझ्याकडे असते. शिवाय दरवर्षी सातवी-आठवीच्या सुमारास काही पालक मुलांना काढून पुन्हा राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत घालतात, त्यांच्या दाखल्यांची कामेही मीच पाहते. मार्च ते मे मान वर काढता येत नाही. यजमानांची साथ आहे, पण चौथीतल्या मुलीला संध्याकाळपर्यंत सासूबाई सांभाळतात आणि 'आता या वयात कशाला' असे त्यांचे म्हणणे आहे. एका सल्लागार संस्थेने परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. घरबसल्या २ वर्षांत, प्रवेश परीक्षेशिवाय मिळवून देण्याचे सांगितले आहे आणि महिनाअखेरीपर्यंत आगाऊ रक्कम मागितली आहे. एका मैत्रिणीने इंग्लंडमधल्या विद्यापीठाची ईडी.डी. (शिक्षणशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) सुचवली आहे. नोकरीबरोबर हे खरोखर जमते का? मी काय करावे?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी निकडीचे सांगते. ती आगाऊ रक्कम भरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केलेल्या पीएच.डी.विषयक नियमावलीनुसार कोर्सवर्क (पीएच.डी.साठी सक्तीचे असलेले वर्ग) धरून किमान मुदत ३ वर्षांची आहे, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. चालवण्यास आपल्याकडच्या विद्यापीठांना मनाई आहे. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नका, अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा आयोगाने आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या अखिल भारतीय परिषदेने) मिळून ऑक्टोबर २०२२ मध्येच दिलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर पीएच.डी.चे नियम न पाळल्याबद्दल राजस्थानातल्या ३ खासगी विद्यापीठांना ५ वर्षे नवे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली. पैसे गेले तर ते कष्टाने पुन्हा उभे करता येतील. परंतु तुमच्या नावामागे लागलेली पदवी उद्या कुणी पडताळून पाहिली आणि ती पोकळ निघाली, तर शिक्षिका म्हणून इतक्या वर्षांत मिळवलेली पत जाईल, आणि ती पुन्हा उभी करणे फार अवघड असते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पूर्णवेळ नोकरी करून पीएच.डी. करता येते. नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ची तरतूद आहे, आणि शिक्षणशास्त्रात तर अशा वाटेने गेलेले शिक्षक पुष्कळ आहेत. मात्र ती उरलेल्या वेळात होत नाही, हे मी ठामपणे सांगते, कारण समन्वयकाच्या कामात उरलेला वेळ असा नसतोच. सकाळी गैरहजर शिक्षकाच्या तासिका लावण्यापासून रात्री पालकांच्या निरोपांना उत्तरे देण्यापर्यंत दिवस भरलेला असतो. ज्यांचे प्रबंध पुरे झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी नोकरीच्या वेळेतला थोडा भाग रीतसर मागून घेतलेला मी पाहिला आहे. ज्यांचे रखडले, तेही मेहनतीत कमी नव्हते, परंतु 'बघू, जमवू' या भरवशावर त्यांनी नोंदणी केली होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शाळेतली जबाबदारी वाढली तेव्हा मागे सरली ती पीएच.डी.

हा वेळ मागण्याची सोय नियमावलीतच आहे. अर्धवेळ प्रवेशासाठी नोकरीच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात ३ गोष्टी स्पष्ट नमूद असाव्या लागतात. तुम्हाला अर्धवेळ अभ्यास करण्याची परवानगी आहे, तुमचे काम संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल अशा स्वरूपाचे आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी तुम्हाला कामातून मोकळे केले जाईल, अशा त्या गोष्टी आहेत. बहुतेक जण या कागदाला अर्जाबरोबरचा एक उपचार समजतात, कार्यालयातून ठरावीक मजकुरावर सही-शिक्का घेतात आणि फाइलला लावून मोकळे होतात. तुम्ही तसे करू नका. मुख्याध्यापकांची वेळ मागून घ्या, मार्च ते मे सोडून एखाद्या निवांत दिवशी घ्या, आणि या वाक्यांवर समोरासमोर बोला. पुरेसा वेळ म्हणजे तुमच्या शाळेत नेमका कोणता? आठवड्यातली एक दुपार तासिका आणि बैठका न लावता मोकळी ठेवता येईल का? कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय येतात. त्याचे वर्ग लागतील तेव्हा तुमचे काम कोण पाहणार, ती रजा भरपगारी की बिनपगारी, आणि ते परीक्षेच्या दिवसांत आले तर काय करायचे? बोलणे झाले की त्याच दिवशी, काय ठरले ते ४ ओळींत लिहून मुख्याध्यापकांना ईमेल करा आणि त्यांची पोच घ्या. शाळांमध्ये मुख्याध्यापक बदलतात, व्यवस्थापन बदलते, आणि पीएच.डी. त्यांच्यापैकी अनेकांपेक्षा जास्त काळ चालते.

शाळा यातले काहीच मान्य करत नसेल, तर ते प्रवेश घेण्याआधी कळलेले बरे. तशा वेळी समन्वयकाचे पद सोडून केवळ विषयशिक्षिका म्हणून राहता येईल का, याचाही विचार करा. भत्ता कमी होईल, हप्त्यांचे गणित नव्याने मांडावे लागेल, पण नोकरी सोडण्याच्या आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याच्या मधला हा एक मार्ग आहे आणि तो कमीपणाचा नाही.

मुदतीबद्दल थोडे. प्रवेशापासून जास्तीत जास्त ६ वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षांपर्यंत, आणि महिलांना त्यावरही २ वर्षांची सवलत असल्यामुळे तुमच्यासाठी कमाल मर्यादा १० वर्षांची आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते. या सवलती आजारपणासाठी, घरातल्या अडचणीसाठी हाताशी ठेवा, त्यांच्यावर आखणी करू नका. तुम्ही ५ वर्षांची आखणी करावी, असे मला वाटते. त्याहून कमी धराल तर पहिल्याच परीक्षेच्या हंगामात ती कोलमडेल.

विषयासंबंधी मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही विषय म्हणून लिहिलेलाच नाही. 'आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भारतीय विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' यात कोणता अभ्यासक्रम, कोणते विद्यार्थी आणि कशावरचा परिणाम, यांपैकी एकाही गोष्टीला कड नाही. हा विषय घेऊन तुम्ही संशोधन सल्लागार समितीपुढे गेलात, तर पहिली दोन सत्रे तो लहान करण्यातच जातील. याउलट दाखल्यांची कामे माझ्याकडे येतात, असे तुम्ही जाता जाता, तक्रारीच्या सुरात लिहून गेला आहात, आणि तुमचा प्रश्न मला तिथे दिसतो.

तो दाखला डोळ्यांसमोर आणा. त्यात शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांमागे काय काय असू शकेल? फी परवडेनाशी झाली असेल. जेईई किंवा नीटच्या शिकवणीचे वेळापत्रक केंब्रिजच्या अभ्यासाशी जुळले नसेल. दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशात श्रेणींचे गुणांत रूपांतर होताना मुलाचे नुकसान होईल, अशी भीती वाटली असेल. घरातल्या कुणालाच अभ्यास घेता येईना, म्हणून आजोबांना ओळखीचे वाटणारे पाठ्यपुस्तक पुन्हा हवेसे झाले असेल. किंवा मूल शाळेत रमलेच नसेल आणि तसे कागदावर लिहिण्याची कुणाची इच्छा नसेल. तुम्ही समन्वयक म्हणून त्या पालकांशी बोलला आहात, त्यामुळे यांतले बरेच तुम्हाला ठाऊक आहे, परंतु ते अजून कुणी रीतसर विचारलेले, नोंदवलेले आणि तपासलेले नाही.

मग प्रश्न असा मांडता येईल: ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या केंब्रिज शाळांतून सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांना काढून घेणारी मराठी भाषक कुटुंबे हा निर्णय कशी घेतात? यातल्या प्रत्येक शब्दाने काम लहान केले आहे. ठाणे-नवी मुंबई म्हटल्यामुळे तुम्हाला शनिवारी घणसोली, वाशी किंवा घोडबंदरला जाऊन मुलाखती घेता येतील. मराठी भाषक म्हटल्यामुळे मुलाखतीची भाषा आणि तुमची भाषा एकच राहील. 'कशी घेतात' म्हटल्यामुळे हजार जणांची प्रश्नावली भरून घेण्याची गरज उरणार नाही. २०-२५ कुटुंबांशी सविस्तर, शक्य तर दोनदा बोलणे पुरेसे होईल. एवढ्यानेही काम हलके होत नाही. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवून काढायला ५-६ तास सहज लागतात, आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेतले तर पालक कुठे थबकले, कुठे सासऱ्यांचे नाव घेऊन स्वतःचे मत सांगून गेले, हे तुमच्या हातून निसटेल. प्रबंध इंग्रजीत लिहिणार असलात तरी उतरवलेली मुलाखत मराठीतच ठेवा, आणि विश्लेषण झाल्यावर लागतील तेवढीच अवतरणे भाषांतरित करा.

हा प्रश्न स्थानिक आहे म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय शिक्षणाचे संशोधन म्हणता येणार नाही, असे तुम्हाला कुणी सांगेल. ते मला पटत नाही. आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या शिक्षण मंडळाची, स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हात झाली, तेव्हा देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कुठेही चालेल अशी परीक्षा मिळावी, ही गरज समोर होती. आज ऐरोली-खारघरमध्ये अशा शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांची कुटुंबे कुठेही फिरती नाहीत, ती इथेच स्थायिक आहेत. एका गरजेसाठी घडलेली शिक्षणपद्धती निराळ्या समाजात आली की तिचे काय होते, हा या विद्याशाखेतला जुना आणि मध्यवर्ती प्रश्न आहे. कुटुंबे अशी शाळा का निवडतात, यावर जगभर विपुल लेखन आहे. ती सोडतात का, हे विचारले की त्या निवडीकडेही नव्याने पाहता येते.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात याचे एक फार मोठे उदाहरण घडले आहे आणि तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते यावे, असे मला मनापासून वाटते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसोरी पद्धतीने काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. इटलीत जन्मलेली आणि महागड्या साधनांवर उभी असलेली ती पद्धत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी जशीच्या तशी उचलली नाही. पाने, बिया, शंख-शिंपले अशी परिसरातली साधने घेतली, मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावर नेली. परक्या मातीतली कल्पना इथे रुजवताना कोणी, काय आणि का बदलले, याचा इतका स्पष्ट दाखला मिळणे दुर्मीळ आहे. बोर्डी आणि कोसबाड आता पालघर जिल्ह्यात आहेत, पण तुमच्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत. ताराबाईंविषयीचे मराठी लेखन शोधायला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून सुरुवात करा. हे ग्रंथालय १८९३ पासून चालू आहे आणि ग्रंथपालांना विषय सांगितला की मदत होते.

हा विषय काही कारणाने नको वाटला, तर तुमच्या भोवती आणखीही आहेत. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. केंब्रिज आणि आयबी शाळांतल्या वर्गात ती प्रत्यक्षात कशी शिकवली जाते, हा एक विषय होईल. राज्य सरकारने स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले, त्याला जिल्हा परिषदेच्या शाळा जोडल्या आणि २०२० मध्ये ते बंद केले, त्या शाळांमधल्या शिक्षकांचे अनुभव हा दुसरा. नवी मुंबई विमानतळाजवळ परदेशी विद्यापीठांची शैक्षणिक नगरी उभारण्याची योजना आहे आणि जून २०२५ मध्ये अबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांसह ५ संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. त्या विषयावर काम करायला मात्र अजून थोडे थांबावे लागेल.

दाखल्यांचा विषय घेतलात, तर एक धोका पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. ज्या कुटुंबांचा तुम्ही अभ्यास कराल, त्यांची माहिती तुमच्याकडे समन्वयक म्हणून आलेली आहे, संशोधक म्हणून नव्हे. शाळेच्या नोंदवहीतून दूरध्वनी क्रमांक काढून पालकांना थेट फोन करणे योग्य ठरणार नाही, मग हेतू कितीही चांगला असो. शाळेची लेखी परवानगी घ्या, निरोप शाळेच्या कार्यालयातर्फे जाऊ द्या आणि ज्यांना बोलायचे असेल त्यांनी स्वतःहून तुमच्याशी संपर्क साधावा, अशी व्यवस्था करा. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. शाळेतल्या शिक्षकांच्या मुलाखती घेताना तर अधिकच जपा. ज्यांचे वेळापत्रक तुम्ही लावता, ते तुम्हाला नाही कसे म्हणतील? म्हणून माझा सल्ला असा की, तुमची शाळा फार तर अनेकांतली एक ठेवा आणि जास्त कुटुंबे इतर शाळांतली घ्या. शाळांची आणि कुटुंबांची नावे बदलाच, पण 'स्थानकासमोरची जुनी शाळा' अशा वर्णनाने ओळख पटणार नाही, हेही पाहा. कोपरखैरण्यासारख्या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मैत्रिणीने सुचवलेल्या ईडी.डी.बद्दल. ही कामकाज करणाऱ्या शिक्षकांसाठी आखलेली व्यावसायिक डॉक्टरेट आहे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने ती १९९२ मध्ये पहिल्यांदा सुरू केली. आधी शिकवले जाणारे घटक आणि त्यांवरचे लेखन, मग तुलनेने लहान प्रबंध, अशी तिची साधारण रचना असते, आणि सोबत शिकणारा गट असल्यामुळे एकटेपणा कमी जाणवतो. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत प्राचार्यपदापर्यंत जायचे असेल, तर ती चांगली आहे. परंतु फी पौंडांत भरायची असते, आणि घराच्या हप्त्यांबरोबर अनेक वर्षे ती भरत राहणे किती कठीण जाईल, हे तुम्हीच जाणता. उद्या इथल्या विद्यापीठात किंवा अध्यापक महाविद्यालयात जायचे असेल, तर परदेशी पदवीला समकक्षता मिळवावी लागेल, त्याची नियमावली आयोगाने २०२५ मध्ये नव्याने काढली आहे. शिकवणी कोणत्या पद्धतीने होणार आणि पदवीपत्रावर काय लिहिले जाणार, हे त्या विद्यापीठाकडून लेखी घेऊन मगच त्या नियमावलीशी ताडून पाहा. तुमचा ओढा इथल्या कुटुंबांकडे आणि शिक्षकांकडे आहे, असे पत्रावरून दिसते, म्हणून मी तुम्हाला इथली अर्धवेळ पीएच.डी. सुचवेन.

तुमच्या आवाक्यातली ठिकाणे थोडी नाहीत. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, महिलांसाठी एसएनडीटी विद्यापीठ आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आणि कोपरखैरण्याहून वाशीमार्गे गोवंडीला उतरून तिथे पोहोचता येते. अर्धवेळ जागा कुठे आणि किती आहेत, हे त्या त्या वर्षीच्या प्रवेश सूचनेवरून पाहा. परंतु विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक शोधण्याला जास्त वेळ द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात, आणि निवृत्तीला ३ वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे मनातल्या गाइडकडे जागा आहे का, हे आधीच विचारावे लागते. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जाण्याचा विचार आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांचे २-३ प्रबंध उघडून पद्धतीचे प्रकरण वाचा. तिथे स्वतःचा विचार दिसतो की आधीच्या प्रबंधातली वाक्ये फिरवलेली दिसतात, हे तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षिकेला अर्ध्या तासात कळेल. जमल्यास त्यांच्या नोकरी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला आणि एवढेच विचारा की, लिहून दिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते.

आठवड्याला १० तास, असा माझा अंदाज आहे. शाळेने दिलेली एक दुपार, रविवारची सकाळ आणि आठवड्यातल्या दोन पहाटा मिळून ते भरतात. तुमची ठाणे-कोपरखैरणे गाडी ठाण्याहूनच सुटते, म्हणजे जाताना बसायला जागा मिळू शकते, परंतु त्या प्रवासात अवघड सिद्धांत वाचण्याचा हट्ट धरू नका. लेखाचा आरंभ आणि निष्कर्ष वाचायचा, उतरण्याआधी वहीत ३ ओळी लिहायच्या: यांनी काय विचारले, कुणाला विचारले, माझ्या कामाशी काय संबंध. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात भरत चला, नाहीतर शेवटच्या वर्षी पानांचे क्रमांक शोधण्यात दिवाळीची सुट्टी जाईल. मार्च ते मे या काळात नवे लेखन ठेवूच नका. त्या महिन्यांत केवळ वाचन आणि नोंदी एवढेच ठरवलेले असले, की काम मागे पडल्याची खंत राहणार नाही.

सासूबाईंच्या 'कशाला' या प्रश्नाला वाद घालून उत्तर देऊ नका. मला त्यात विरोधापेक्षा काळजी जास्त दिसते, आणि ती वाजवी आहे, कारण तुमचे १० तास आठवड्यातून कुठून तरी निघणार आहेत आणि त्यातले काही त्यांच्या वाट्याचे असणार आहेत. शाळेकडे तुम्ही ज्या आदराने वेळ मागाल, त्याच आदराने तो त्यांच्याकडेही मागा. संध्याकाळी मुलीचे किती काम पडते, त्यांच्या स्वतःच्या भजनाच्या, फिरायला जाण्याच्या, औषधपाण्याच्या वेळा कोणत्या, हे यजमानांना सोबत बसवून बोला. दोन संध्याकाळी यजमान लवकर घरी येऊ शकत नसतील, तर मदतनीस ठेवा आणि तो खर्च फीच्या आधी अंदाजपत्रकात मांडा. पुस्तकांवर खर्च करताना आपण मागेपुढे पाहत नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे श्रम फुकट धरून चालतो, हे योग्य नाही.

या पदवीने पदरात काय पडेल, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगायला हवे. खासगी शाळेत पीएच.डी. झाली म्हणून पगार आपोआप वाढत नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना तेही विचारून घ्या. सहायक प्राध्यापक होण्यासाठी जुलै २०२३ पासून पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) पुरते, म्हणून केवळ त्या पदासाठी एवढा खटाटोप करायचा असेल तर अध्यापक महाविद्यालयाच्या जाहिरातीतल्या अटी आधी वाचा आणि नेटचा अभ्यास करा. परंतु शिक्षक प्रशिक्षण, अभ्यासक्रम आखणी, शाळांचे मूल्यमापन, धोरणाचे काम यांत जायचे असेल, किंवा दरवर्षी शाळेबाहेर पडणारी ती मुले तुम्हाला खरोखर अस्वस्थ करत असतील, तर हे शिक्षण उपयोगी पडेल आणि सत्तेचाळिशीतही ते हातात असेल.

नेटची परीक्षा साधारणपणे जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि तिचे गुण आता पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. त्या प्रवेशापुरते ते एक वर्षच चालतात, म्हणून शाळेशी आणि घरी बोलणे झाल्यावरच अर्ज भरा. त्याआधी एक पान लिहून काढा: प्रश्न काय, तो कुठून सुचला, कुणाशी बोलणार, परवानग्या कशा मिळवणार. ते पान कोलशेतच्या घरी सासूबाईंना मराठीत वाचून दाखवा. त्यांना जिथे समजणार नाही तिथे दुरुस्त करा, आणि मग २ मार्गदर्शकांना पाठवा. त्यांच्याकडून काय उत्तर आले, ते मला अवश्य कळवा. कोर्सवर्कच्या वर्षाविषयी आपण तेव्हा बोलू.